तापीतला तोडा आणि मिलिटरीचं यंत्र

९ मे १९६२, सकाळ

नवीन वही. टेक्निकल कामाची नोंद ठेवावी लागते. घरात कोणाला त्याची किंमत नाही, म्हणून वही कुलुपात राहील.

हकिगत. काल प्रमिलाचा तोडा तापीत पडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली पोर. मैत्रिणींबरोबर आंघोळीला गेली, पायातले चांदीचे तोडे काढून खडकावर ठेवले. एक घरंगळला आणि थेट डोहात. पोरांनी बुड्या मारल्या, पण तळाला हातभर गाळ. बुडी मारणं ही काही पद्धत नव्हे.

तोडे सासरचे आहेत. म्हसावदच्या विहीणबाईंनी स्वतःच्या पायातले काढून सुनेला घातलेले. शनिवारी १९ ला व्याही भाईदास पाटील तिला न्यायला येणार. प्रमिला रडत होती, "एक पायमा तोडा, एक पाय बोडका! सासू माले जलमभर बोली."

प्रमिलाची आई सरलाबाई, त्यांचं म्हणणं, प्रकाशा गावच्या सोनाराकडून जोडीला जोड करून घ्या, आजच टाका. मी म्हटलं, मग घरात यंत्र कशाला ठेवलंय? पूजेला?

पोटमाळ्यावरून यंत्र काढलं. लढाईत मिलिटरी या यंत्राने जमिनीतले सुरुंग शोधायची. सुरतेच्या भंगार बाजारात मी ओळखलं आणि आणलं. तेव्हा सगळे हसले होते. आता हसा.

९ मे, दुपार

यंत्र आतून साफ. दोन व्हॉल्व्ह चालू, सोल्डर नवीन केलं. ऑईल इंजिन असो, रेडिओ असो, मला कोणी शिकवलं नाही. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं स्क्रू-ड्रायव्हरने शिकवलं.

यंत्राची रचना: लांब दांडा, टोकाला ताटाएवढी कॉईल, खांद्याला बॅटरीची पेटी, कानाला हेडफोन. कॉईलजवळ धातू आला की हेडफोनमध्ये आवाज येतो. अंगणात टेस्टिंग केलं. मातीत सरलाबाईंचा पितळी गडू पुरला होता, अचूक सापडला. सरलाबाई म्हणाल्या, गडू तुम्हीच पुरला होता. या बाईशी शास्त्रावर बोलण्यात अर्थ नाही.

११ मे

यंत्र पाण्यासाठी केलेलं नाही, ते मी केलं. कॉईलला सायकलची ट्यूब गुंडाळली, जोडांवर राळ आणि मेण. मूळ दांडा पाण्यात वळत नाही, तो कापून निम्मा केला. मिलिटरीच्या इंजिनियरला हे सुचलं नसतं, कारण तो कधी तापीत उतरलेला नाही.

सोबत माहितीचं इंग्रजी पुस्तक आहे. डिक्शनरी घेऊन पुन्हा वाचलं. एक वाक्य मोठ्या अक्षरात छापलंय: यंत्र चालवणाऱ्याने अंगावर धातूची कोणतीही वस्तू ठेवू नये. बरोबर. डिसिप्लिन पाहिजे. आपल्या लोकांत तीच नाही.

१२ मे

पहिला दिवस पाण्यात. संताप, संताप.

मी नियमाप्रमाणे घड्याळ काढलं, अंगठी काढली. सदऱ्याला बटणं म्हणून सदरा काढला. चष्म्याची काडी धातूची म्हणून चष्मासुद्धा काढला, म्हणजे निम्मी नदी मला दिसत नव्हती. अंगावर फक्त लंगोट, करदोड्यात घट्ट खोवलेला. कमरेइतक्या पाण्यात उतरलो, कॉईल बुडवली आणि हेडफोनमध्ये डुक्कर कापल्यासारखा आवाज! डावीकडे फिरवली, तोच आवाज. उजवीकडे, तोच. एक क्षण थांबेल तर शपथ.

काठावर चुनीलाल बसलेला. हा माझा मेहुणा, सरलाबाईंचा धाकटा भाऊ, दुसऱ्याच्या कामाला नेहमी वेळेवर हजर. विचारतो, "दाजी, हाई यंतर शे का भजननी पेटी?" घाटावरच्या बायका हसल्या.

कारण उघड आहे. डोहात धातू खच्चून भरलाय. येणारा-जाणारा नदीला हात जोडतो आणि पैसा टाकतो. पिढ्यान् पिढ्या टाकताहेत. पुण्य यांचं आणि कानठळ्या माझ्या!

१३ मे

पैशांचा सिद्धांत तपासला. डोह सोडून वरच्या अंगाला गेलो. तिथे बाभळीचं रान आहे, कोणी पैसा टाकत नाही. उतरलो. तोच आवाज.

म्हणजे काठावरच्या बायकांच्या पैंजणांचा परिणाम. सगळ्यांना सांगितलं, पैंजण, जोडवी काढा, नाहीतर घाट सोडा. दगूबाई पाटलीण म्हणाली, "जोडवी काढाले मन्हा मालक मरना का?" आणि धुणं जोरात आपटायला लागली. माझ्या अंगावर पाणी उडेल असं. मुद्दाम.

म्हशीच्या गळ्यातल्या घंटाही काढायला लावल्या. सायंकाळी म्हशी चुकल्या, आता गुराखी मला शिव्या देतोय. शास्त्राची हीच किंमत असते.

१४ मे

आज कारण सापडलं असं वाटलं होतं: बॅटरी जास्त जोरात आहे. कमी केली. आवाज कमी झाला, पण थांबला नाही. हळू आवाजात तेच डुक्कर.

प्रमिला घाटावर येऊन बसते. पाय पदराखाली घेऊन बसते, म्हणजे बोडका पाय कोणाला दिसू नये. संध्याकाळी हळूच म्हणाली, "बापू, यंतर ऱ्हाऊ द्या. सोनारले सांगा ना." मी ओरडलो. नको होतं ओरडायला. पण सोनाराकडे जायचं म्हणजे यंत्र खोटं ठरवायचं. आणि मागाहून घडवलेला नवा तोडा व्याह्यांनी ओळखला नाही तरी विहीणबाई ओळखतील. बायका चांदी नाही, झीज ओळखतात.

१५ मे

अब्राहामने आज यंत्र मारलं.

अब्राहाम आमच्या केळीला पाणी भरतो. विसरवाडीकडच्या डोंगरातला, ख्रिस्ती. माणूस बरा, पण यांत्रिक बुद्धी नाही. दुपारी माझ्या डोळ्यात घाम गेला, म्हणून त्याला म्हटलं, पाण्यात ये आणि हे दोन मिनिटं धर. आधी अंगावरचा धातू काढ. गळ्यात दोऱ्याला पितळी क्रूस होता, तो काढून खडकावर ठेवला. मी खडकावर चढलो, तोंड पुसलं. हेडफोनची वायर लांब आहे, कानाला लावलेलेच होते.

आणि आवाज बंद! एकदम शांत. नदीच्या तळाशी ऐकू यावी तशी शांतता.

मी म्हटलं, काय केलंस? तो म्हणाला, "काही नाय पाटील, धरला नुसता." नुसता धरला! असं म्हणता म्हणता काहीतरी फिरवलं असणार. मी ओरडून यंत्र हिसकावून घेतलं, पाण्यात उतरलो. लगेच आवाज सुरू. म्हणजे यंत्र शाबूत आहे, अब्राहामच्या हातात मरतं. काही माणसांच्या अंगातच वीज खेचण्याचा दोष असतो. त्याला सांगितलं, पुन्हा यंत्राच्या जवळ दिसलास तर केळीतूनही काढून टाकीन.

क्रूस गळ्यात घालून तो सरळ केळीकडे गेला. हेही मला आवडलं नाही.

१६ मे

कान दुखतात. डाव्या कानात रात्रभर तोच आवाज. सरलाबाई बोलतात ते ऐकू येत नाही, हा एक फायदा.

१७ मे, सकाळ

लिहायला हात धजत नाही, पण नोंद म्हणजे नोंद.

सकाळी अंगणात शेवटचं टेस्टिंग करत होतो. उघडा, लंगोटावर. सरलाबाई शेणाचा सडा घालत होत्या. मी कापलेला दांडा जवळ धरून वाकलो, आवाज. सरळ झालो, दांडा लांब केला, आवाज गेला. पुन्हा वाकलो, पुन्हा आवाज. सरलाबाई हातातली बादली ठेवून बघत राहिल्या. हेडफोन नाही, काही नाही, फक्त माझं तोंड बघत होत्या. मग म्हणाल्या, "प्रमिलाना बापू, तुमना करदोडा चांदीना शे ना?"

मी म्हटलं, मग?

सरलाबाई बादली उचलून आत गेल्या. आतून दोघी मायलेकींच्या हसण्याचा आवाज आला. हसता हसता प्रमिला रडायला लागली, तोही आला.

करदोडा! तो काय दागिना आहे? लग्नात सासऱ्यांनी घातला, तेव्हापासून अंगावर. घड्याळ काढायचं असतं, अंगठी काढायची असते. करदोडा कोणी काढतो का? पुस्तकात स्पष्ट का लिहिलं नाही? गोऱ्या लोकांना कमरेला काही घालायचं सुचत नाही आणि यंत्र मात्र अख्ख्या जगाला विकतात!

१७ मे, दुपार

करदोडा काढायचा विषय काढला. घरात आग लागली. सरलाबाई म्हणाल्या, "मरेल माणूसना करदोडा तोडतस. जित्ता माणूसना नही." त्यात त्यांच्या वडिलांनी घातलेला. त्या चुलीजवळून हलल्या नाहीत आणि त्यांनी जेवण वाढलं नाही.

मग एकच मार्ग. करदोडा नसलेला माणूस. गावात फिरलो. पाटील, कोळी, न्हावी, शिंपी, ज्याला विचारलं त्याने सदरा वर करून करदोडा दाखवला. चांदीचा नसेल तर तांब्याचा ताईत अडकवलेला. शिंप्याने विचारलं, "मापं घ्याले निघनात का?" शेवटी पोचलो केळीत, ख्रिस्ती माणसाच्या कमरेला करदोडा नसतो.

अब्राहाम पाटात उभा होता. मी म्हटलं, चल, यंत्र धर. तो म्हणाला, "नाय पाटील. तुम्हीच बोलले, माझ्या हातात मरतं." मी म्हटलं, ते चुकून बोललो. तो म्हणाला, "सगळ्या घाटापुढे बोलले." आणि फावडं मारून पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. केळीला पाणी देणं अर्धवट सोडता येत नाही, हे त्याचं खरं होतं. माझंही काम अर्धवट सोडता येत नव्हतं. पण त्याच्याशी वाद घालायला मी तिथे उभा राहिलो नाही.

१७ मे, संध्याकाळ

कापला. न्हाणीत जाऊन, कानशीने. चुनीलालला बाहेर उभं केलं होतं. तो कमी बोलला. "दाजी, आमना बापनी चांदी शे, जपीसन कापा," एवढंच.

उन्हं उतरायच्या आत डोहात उतरलो. कमर मोकळी नको म्हणून सरलाबाईंनी काळ्या दोऱ्याचा गोफ बांधून दिला होता. कॉईल बुडवली. शांत! त्या दिवसासारखी शांतता. डोह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाळला. शांत. मग संशय आला म्हणून खडकावर ठेवलेल्या घड्याळाजवळ कॉईल नेली. तरी शांत. बॅटरी मेली होती. पाच दिवस माझ्या करदोड्यावर ओरडून ओरडून मेली.

नवी बॅटरी नंदुरबारला मिळते. उद्याच्या उद्या येणार नाही.

घरी आलो तर करदोडा जागेवर नाही. सरलाबाईही नाहीत. चुनीलालच्या बैलगाडीत बसून प्रकाशाला सोनाराकडे गेल्या होत्या. मला न विचारता. प्रमिला राहिलेला एक तोडा त्यांच्याबरोबर पाठवून, दोन्ही बोडके पाय पसरून ओट्यावर बसली होती. मला जागा करून दिली. आम्ही दोघं बसलो. मी काही ओरडलो नाही.

१९ मे

भाईदास पाटील आले, जेवले, गेले. प्रमिलाच्या पायात दोन तोडे. सोनाराने नवा तोडा राखेने घासून जुना केलेला. व्याह्यांना कळलं नाही. गाडीत बसताना प्रमिला वाकून पाया पडली आणि हळूच म्हणाली, "बापू, डावा तुमना शे." नदीकडे बघायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

विहीणबाईंचं काय होतं ते होवो. निदान दोन्ही पाय भरलेले गेले.

यंत्राबद्दल न्यायाने लिहिलं पाहिजे. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. चांदी शोधायला सांगितली, त्याने चांदी दाखवली.

२४ मे, सकाळ

नंदुरबारहून बॅटरी आली. आता घाई नाही, कोणाचं दडपण नाही. आज यंत्राची खरी परीक्षा. चुनीलालला मुद्दाम बोलावलं आहे. दगूबाईलाही. अब्राहामला निरोप पाठवला, तो म्हणाला बघायला येतो, धरायला नाही.

२४ मे, संध्याकाळ

संक्षेपात.

छातीइतक्या पाण्यात उतरलो. कॉईल बुडवली, शांत. सगळं अगदी शास्त्राप्रमाणे. मी काठावरच्यांना समजावून सांगत होतो, धातू आला की लगेच आवाज येईल. इतक्यात कमरेचा काळा गोफ तुटला. चांदीची सवय असलेल्या कमरेला दोरा पुरत नाही. लंगोट सुटला आणि खाली प्रकाशाच्या दिशेने निघून गेला.

घाटावर बायका. चुनीलाल उभा राहून लंगोटाला हात जोडत होता. मी गुडघे वाकवून खाली झालो, पाणी गळ्यापर्यंत, बॅटरीची पेटी डोक्यावर. सरलाबाईंना धोतर आणायला सांगितलं. त्या हसत हसत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

तोपर्यंत हलायची सोय नव्हती. एकाच जागी, गाळात पाय रोवून. उजव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी गोल लागलं. मी अंगठा आत घातला. तोडा. प्रमिलाचा तोडा, झिजलेल्या कडेसकट.

कॉईल त्याच्या बरोबर वर होती. हेडफोन माझ्या कानात होते. नवीन बॅटरी, नवीन सोल्डर. आवाज नाही. ट्यूबला कुठेतरी पंक्चर होतं, आत पाणी शिरलं होतं.

मी तोडा वर काढला. सगळे ओरडले. चुनीलालने विचारलं, दाजी, यंतरमा आवाज वना का?

मी म्हटलं, आला.

अब्राहाम काठावर बसला होता. क्रूस काढून खडकावर ठेवला, पाण्यात उतरला, माझ्या डोक्यावरची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि स्वतःचा पंचा मला दिला.

सापडलेल्या तोड्याचा माझ्यासाठी करदोडा करायला सरलाबाई उद्या प्रकाशाला जाणार आहेत. यंत्र पोटमाळ्यावर.

ट्यूब सायकलला परत बसवली. पंक्चर काढलं.