गोल दिव्यांची मोटार

वाटूर, रविवार संध्याकाळ

पों-पों! डॉक्टरांची मोटार गावात शिरली की आम्ही कविता अर्धी सोडून वर्गाच्या खिडकीला चिकटायचो. तशीच गोल दिव्यांची मोटार परवा मोबाइलवर विकायला दिसली. पैसे पाठवणारच होतो. सूनबाई म्हणाली, "आबा, गाडीजवळ आजचा पेपर धरून फोटो काढा म्हणावं."

विकणारा भडकला. "आधी अ‍ॅडव्हान्स!"

मंग न्हाईच म्हणालो. पण ते गोल दिवे! मन काही मानेना. दुपारी तोच फोटो शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, कुणी ओळखतं का म्हणून.

एवढं लिहिलं अन् दार वाजलं. परतूरचा बाबूराव, माझा वर्गमित्र! किती वर्षांनी! हातातल्या मोबाइलवर मी ग्रुपवर टाकलेला तोच फोटो.

"अरे, माझी गाडी कोण विकून राह्यलं? मला तर विचारलंच न्हाई!"