एका नावावर दोघं

३ मार्च, सोमवार

सकाळपासून फोन! सगळ्यांचं रडगाणं एकच – फाईल उघडते, पण लिहिता येत नाही. वर पिवळी पट्टी येते : ही प्रत सामायिक संगणकावर वापरता येणार नाही.

आमचं ऑफिस म्हणजे मागच्या खोलीतला एक सर्व्हर आणि घरोघरी बसलेले टायपिस्ट. डॉक्टर रिपोर्ट बोलून पाठवतात, हे लोक हेडफोन लावून टाइप करतात. बसतात आपापल्या घरी, पण लॉगिन सगळ्यांचं ह्याच सर्व्हरवर. लिहायचं सॉफ्टवेअरही तिथेच. ह्या वर्षी साहेबांनी त्याची स्वस्तातली योजना घेतली. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही एका माणसाच्या एका मशीनसाठी आहे, एका मशीनवर पंधरा-वीस जण बसले तर चालायची नाही. "बघू," म्हणाले होते. आता बघतायत.

दुपारी जेवणाचा डबा तसाच परत आणला.

४ मार्च, मंगळवार

साहेबांना तिसऱ्यांदा समजावलं. सर्व्हरमध्ये शिरायचा परवाना वेगळा, तो आपल्याकडे आहे. आत बसून लिहायचा वेगळा. तो सामायिक सर्व्हरवर चालणारा घ्यायला हवा, आणि माणशी एक हवा, ज्याच्या त्याच्या नावाने.

साहेबांनी मान डोलावली. पटलं म्हणेस्तोवर तोडगा काढला – बरोबर योजना घ्यायची, पण निम्म्याच नावांची. सकाळच्या पाळीचा माणूस उठला की संध्याकाळचा त्याच नावाने बसेल. "दोन पाळ्यांना खुर्ची एकच लागते ना?"

मी म्हटलं, नाव म्हणजे खुर्ची नव्हे. प्रत्येक रिपोर्टवर टाइप करणाऱ्याचं नाव उमटतं. शिवाय हे सॉफ्टवेअर कंपनीच्या नियमातही बसत नाही. साहेब म्हणाले, तू मशीनचं बघ, माणसांचं मी बघतो.

आणि मी ऐकलं! मुकाट्याने जोड्या लावून दिल्या. ताईच्या नावावर सकाळी ताई, संध्याकाळी पोपट. (पोपट म्हणजे आमचा सगळ्यात जुना टायपिस्ट. ऐकलेलं प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने म्हणतो, मग टाइप करतो. घरचे लोक कसे सहन करतात देव जाणे.)

ताई म्हणजे माझीच ताई. भाऊजींना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा बँकेतली नोकरी सोडून घरी बसली. मग मीच तिला इथे चिकटवून दिलं. भाऊजींची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. न्यायालयात लघुलेखक होते. न्यायाधीश कितीही भरभर बोलोत, एक शब्द सुटायचा नाही. आता पुढच्या खोलीत खुर्चीत बसून असतात. भेटायला येणारे त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलतात, भिंतीशी बोलल्यासारखं. मीही तेच करते.

५ मार्च, बुधवार

पासवर्ड वाटले. काम सुरू झालं. साहेब खूश. माझं कशात लक्ष लागत नाही.

१२ मार्च, बुधवार

ज्याची भीती होती तेच झालं.

रुग्णालयात आमचे रिपोर्ट बघणाऱ्या बाईंचा फोन. आमच्या एका रिपोर्टमध्ये डावं मूत्रपिंड असं लिहिलंय. आजार उजव्यात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जननी स्वतः स्कॅनची फिल्म लावून पाहिली म्हणून निभावलं. बाई ओरडल्या नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तो माणूस माझ्यासमोरच्या बाकावर बसलाय आत्ता." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रिपोर्टवर नाव ताईचं. वेळ संध्याकाळची. म्हणजे पोपट.

म्हणजे – पोपटच असणार ना?

१३ मार्च, गुरुवार

पोपटला बोलावून घेतलं. तो म्हणाला, डावं-उजवं मी नेहमी दोनदा म्हणतो, हवं तर बायकोला विचारा. त्या दिवशी मी लॉगिन करायला गेलो तर त्या नावावर आधीच कोणीतरी बसलेलं होतं. मला वाटलं, ताईंचं काम लांबलं असेल. म्हणून उशिरा बसलो.

मी म्हटलं, तसं तेव्हाच सांगायचं होतंत. त्यावर तो पुटपुटला, चुकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग ताईला फोन केला. तिला म्हटलं, ही फाईल तुझी का? "माझी नसेल गं," म्हणाली. नसेल! नाही असं नाही म्हणाली. आणि लगेच विषय बदलला, माझा खोकला कसा आहे म्हणून. मला खोकला झालेलाच नाही.

सर्व्हरवर शोधून पाहिलं, कुठल्या घरून लॉगिन झालं ते. काही उपयोग नाही. सगळे आमच्या एकाच ऑनलाइन गेटमधून येतात, सर्व्हरला दिसतो तो त्या गेटचा पत्ता. दोन माणसं एका नावाखाली बसवली की ती एकच होतात, आणि ती बसवली मी.

घरी आल्यावर कपाटं आवरायला काढली. अर्धवट टाकली. गच्चीवर गेले, खाली आले.

१४ मार्च, शुक्रवार

रुग्णालयाने साहेबांना कळवलं – माणशी एक नाव, नाहीतर करार संपला. साहेबांनी गुपचूप सगळ्यांच्या नावांची योजना घेतली. आठवड्यापूर्वी घेतली असती तर? पण ते बोलायची सोय नाही.

आणि म्हणाले, ज्याने ती चूक केली तो मला इथे नको. सोमवारी मला नाव सांग.

१६ मार्च, रविवार

ताईकडे जाणार होते. निम्म्या रस्त्यातून परत आले. काय विचारणार होते?

१७ मार्च, सोमवार

आजचं सगळं आत्ताच लिहून ठेवते.

सकाळी पोपटला आणि बाकीच्यांना नवीन नावं दिली. फोनवरच, दोन-दोन मिनिटांत. ताईच्या फोनवर कोड येईना, म्हणून ती ऑफिसलाच आली. शेजारच्या काकूंना भाऊजींजवळ बसवून. केस नीट विंचरलेले, बँकेत जायची तशी पर्स. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

तिचं नवं लॉगिन करायचं तर जुनं आधी बंद करायला हवं. पाहिलं तर जुनं चालू! नाव ताईचं, आणि ताई माझ्या शेजारी. पासवर्ड कुणी चोरला की काय, म्हणून मी ती स्क्रीन माझ्याकडे उघडली.

एक रिपोर्ट अर्धा लिहून झालेला. पुढे अक्षरं उमटत होती. एक. मग थांबून एक. मग दोन. चुकलेलं खोडून पुन्हा. आम्ही दोघी बघत होतो. पोपट असं लिहीत नाही, कुणीच असं लिहीत नाही. एका हाताने लिहिल्यासारखं होतं ते.

माझा हात माउसवर गेला. ताईने मनगट धरलं.

"बंद करू नकोस. वाक्य पुरं होऊ दे त्यांचं."

मला कळायला इतका वेळ का लागला!

मग खाली चहाच्या टपरीपाशी उभं राहून तिने सगळं सांगितलं. घरात दिवसभर शांतता, म्हणून एकदा सहज तिने हेडफोन भाऊजींच्या कानाला लावला. माणसाचा आवाज तरी ऐकतील. तर डावा हात मांडीवर हलायला लागला, बोटं टपटप. तिने कीबोर्ड पुढे सरकवला. आणि डॉक्टर बोलत होते ते स्क्रीनवर येऊ लागलं!

मी म्हटलं, म्हणजे त्यांना सगळं समजतं? ताईने मान हलवली. नाही गं. त्यांचे डॉक्टर म्हणाले, ही जुनी सवय आहे. कानातून शिरतं ते बोटांतून बाहेर पडतं, मध्ये कुठे थांबत नाही. तिने करून पाहिलं होतं. पाणी हवं का विचारलं, तर त्यांनी लिहिलं, पाणी हवं का. स्वतःचं एक अक्षर नाही. तरीही दुपारी-संध्याकाळी ती त्यांना सोप्या फाइली द्यायला लागली. मागाहून स्वतः तपासायची. त्या वेळात भांडी, कपडे, थोडं पडणं. आज निघतानाही त्यांच्या कानाला एक फाईल लावून आली होती.

"आणि ती मूत्रपिंडाची?" मी विचारलं.

"त्यांची. त्यांना डावं-उजवं आता..." मग म्हणाली, "त्या दिवशी मला झोप लागली. न तपासताच गेली."

मी काय काय बोलले तिला! त्या बाकावरच्या माणसाचं बोलले, पोपटचं बोलले. ती ऐकत उभी राहिली. आणि एवढं बोलत असताना माझ्या डोळ्यांसमोर ती अक्षरंच येत होती. एक. थांबून एक.

साहेबांना नाव सांगायला गेले, तर ताई माझ्या पुढे होऊन आत शिरली. दार लावून घेतलं.

१८ मार्च, मंगळवार

ताईची नोकरी वाचली. पण रुग्णालयाच्या फाइली तिला मिळणार नाहीत. विमा कंपनीची पत्रं टाइप करायची, तेही वर्षभर दुसऱ्याने तपासून. तिने हो म्हटलं. साहेब मला म्हणाले, "तू सांगितलं होतंस पहिल्यांदा." एवढंच. मी म्हटलं, सांगितलं होतं आणि मग जोड्याही मीच लावल्या.

पोपटची माफी मागितली. म्हणाला, असू दे, पण मला दोन दिवस मोठ्याने म्हणायचीच भीती वाटत होती.

ताई म्हणाली, संध्याकाळी भाऊजी डावा हात मांडीवर आपटत राहतात. कीबोर्ड काढून घेतल्यापासून.

२० मार्च, गुरुवार

दिवसभर एकच विचार. नवीन योजनेत एक नाव माझंही आहे. मी सर्व्हरवर बसून कधी काही लिहीत नाही, मला ते कशाला? परवाना एकाच्या नावावरून काढून दुसऱ्याच्या नावावर टाकता येतो, त्यात काही गैर नाही. ताईच्या घरातला ऑफिसने दिलेला छोटा संगणक नुसता सर्व्हर उघडतो, त्याच्यात स्वतःचं काही चालत नाही. म्हणजे भाऊजींना लिहायचं तर नाव द्यायलाच हवं. रुग्णालयाच्या फाइलींचं कपाट त्या नावाला बंद. नुसतं कोरं पान.

साहेबांना विचारलं. ते बराच वेळ पेन उघडत-मिटत बसले.

"काय लिहिणार ते?"

"बहुतेक काहीच नाही."

"मग दे," म्हणाले.

२१ मार्च, शुक्रवार

ताईकडे जाऊन भाऊजींच्या स्वतःच्या नावाने लॉगिन केलं. संपूर्ण नाव, आडनावासकट. ते स्क्रीनकडे बघत राहिले. पान कोरंच. आम्ही वाट पाहिली. काही नाही.

मग ताई शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायला लागली. ती वाचेल तसं ते लिहीत गेले. ती थांबली की थांबत. मी निघताना ताई म्हणाली, "बघ, सांगितलं होतं ना तुला." चिडून नाही. तरी मला इतका राग आला! कुणाचा ते कळत नाही.

२४ मार्च, सोमवार

आजही वर्तमानपत्रच. अग्रलेख, भविष्य, जाहिराती. ताईचा घसा बसलाय. मला उगीच वाटतं, आपण हे कुणासाठी केलं.

२६ मार्च, बुधवार

ताईचा फोन आला. "त्यांचं पान उघड," एवढंच म्हणाली. मी इथूनच त्यांचं पान उघडलं. हवामानाची बातमी – आकाश निरभ्र राहील, तापमानात वाढ होईल. त्याच्या खाली, तिने न वाचलेली ओळ : पडदा ओढ. सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. रोज येतं.