करवतीची दुसरी मूठ

३ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

बूट घालून झाले आणि हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. बॅग दाराशी आहे, टॅक्सी खाली उभी आहे. हे पत्र त्यांच्याच खिशात घालते. उघडून वाचायचे नाहीत. हल्ली कशातच लक्ष नसतं.

छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून नुसते भिंतीकडे बघत बसतात. परवा म्हणाले, सकाळी उठायचं कशाला तेच कळत नाही. नळ गळतोय म्हणावं, तसं म्हणाले. मी घाबरले. राखीव जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करण्याच्या तुझ्या बिनपगारी नोकरीला मी हसले होते. आता तूच त्यांना तिथे जुंप.

यंत्रांपायी त्यांचे कान पार गेलेत. कानाचं मशीन लावत नाहीत, काहीही विचारलं की हो म्हणतात. तिथे कोणाला सांगू नकोस, घरी पाठवून देतील. माझा माणूस मला परत हवाय, एवढंच.

माया आहे ती असू दे.
तुझी धाकटी


२ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. पहिला आठवडा नुसतं हो हो चाललं होतं. मग वाटेवर पाणी साचतं तिथे चर खणायला घेतला, तर माझा चर बघून मेहुणे म्हणाले की अशा माणसाला छापखान्यात झाडू मारायलाही ठेवला नसता. तेव्हापासून जी जीभ सुटली आहे, ती आवरत नाही. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतात.

जंगलात मोटारीच्या करवतीला बंदी आहे. वाटेवर पडलेली झाडं आम्ही दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापतो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. आपण फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. समोरचा त्याची पाळी ओढतो. आमची पर्यवेक्षक आपल्या मुलीच्या वयाची आहे. तिचा नियम असा, की एकाने मूठ सोडली की दुसऱ्याने तत्काळ मागे पळायचं. आम्ही आपसात वेगळंच ठरवलं आहे. दम लागला हे त्या पोरीसमोर कबूल करायची दोघांनाही लाज, आणि हाक मारावी तर त्यांना ऐकू येत नाही. म्हणून मूठ सोडली की विसावा. ते टोपी काढून कपाळ पुसतात, मी पात्याचे दात तपासल्याचं नाटक करतो. पोरीला वाटतं, म्हातारे फार काटेकोर आहेत.

कानांचं तिला सांगून टाकू का? कळव.

प्रकृतीला जप, आणि माझ्यावर रागावायचं सोडू नकोस.
दादा


११ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

त्यांचं कार्ड आलं. लग्नानंतरचं पहिलंच. मजकूर इतकाच, की तुझा चर अजून वाकडा आहे. मी दिवसभर हसत होते.

कानांचं इतक्यात बोलू नकोस. पुन्हा त्या खुर्चीत आले तर मी काय करू? खुर्ची तर मी शेजाऱ्यांना देऊनही टाकली.

त्यांना सांभाळ, स्वतःलाही.
तुझी धाकटी


३० एप्रिल

ती. दादास, शि. सा. न.

एकटीच घरी पोचले. त्यांचे कपडे अजून बॅगेतच आहेत.

तिथून निघताना ती तुमची पर्यवेक्षक मुलगी मला गाठून रडली. खोड तडकलं, तसा तू मूठ सोडून मागे पळालास, ओरडलासही, असं तिने सांगितलं. हे मात्र टोपी काढून कपाळ पुसत उभे राहिले. असे का उभे राहिले, माझ्या शिकवण्यात काय राहिलं, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मला तिथेच कळलं. तिला काही बोलले नाही.

तुला दोष देते आहे की नाही, माझं मलाच माहीत नाही. खोड अंगावर येताना मीही पळालेच असते. पण ती पोर नोकरी सोडायला निघाली आहे. तिला तुम्ही काय ठरवलं होतं ते सांग. कानांचं माझ्या सांगण्यावरून लपवलं, हेही सांग. तोवर मला लिहू नकोस.

लोभाचं पुढे बघू.
धाकटी


६ मे

चि. धाकटीस, अ. उ. आ.

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो आहे. तिला सांगून झाल्यावरच पेटीत टाकेन.

मी मूठ सोडली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. दादा थकला, असं वाटलं असणार. पुढचं तुला माहीत आहे.

तुझ्याकडून काही मागत नाही.
दादा

ता. क. आज सकाळी कचेरीत जाऊन मुलीला सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने माझं नाव कमी केलं, हातमोजे परत मागितले. मग विचारलं, त्यांना ऐकू येत नाही हे आणखी कोणाला माहीत होतं. मी म्हणालो, मला एकट्याला.