वाऱ्याचा डोळा

दि. ४ मार्च

ती. मामास,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

कोशाच्या कार्यालयात मी चिकटले त्याला महिना झाला. चिकटले हाच शब्द बरोबर, कारण इथे दिवसभर कात्री आणि डिंक. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ देणारा कोश आहे. एका अर्थाला एक कार्ड, आणि अर्थाच्या खाली त्याचा वापर दाखवणारं एक वाक्य. ते वाक्य मनाने रचलेलं चालत नाही. कुणा जित्याजागत्या माणसाने खरोखर लिहिलेलं हवं. नकलताना चुका होतात म्हणून मूळ कागदाची चिठ्ठीच कापून डकवायची आणि खाली लिहिणाऱ्याचा व्यवसाय टाकायचा. आमच्या मुख्य संपादकांना आम्ही त्यांच्या माघारी पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपतो.

माझ्या वाट्याला शब्द आलाय 'विंडो'. मला वाटलं, खिडकी म्हणजे खिडकी, त्यात काय एवढं? पण खोदायला गेले तर काय निघालं सांगू? उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेतून तो इंग्रजीत आला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा'! भिंतीला डोळा, त्यातून वारा. मग आपल्या जुन्या शब्दांकडे वळले. गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा, आणि वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. ना ओळख ना पाळख, तरी दोन्हीकडच्या माणसांना भिंतीत डोळाच दिसला. मला तर खुर्चीवर उभं राहून टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, पण पूर्णविराम समोरच होते.

तेव्हा मामा, तीस वर्षं तू खिडक्या करतोयस, मला खिडकीबद्दल भरपूर लिही. त्यातली वाक्यं मी कापून वापरीन. नमुन्याचं पान छापून वर्गणीदारांना जाणार आहे आणि त्यावरच माझी नेमणूक पक्की व्हायची आहे.

मी तुला लिहितेय हे आईला ठाऊक नाही. तुझं नाव निघालं की ती घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते. दोन वर्षं झाली तुम्हाला एकमेकांशी बोलून. तू केलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर तिने डबे रचलेत, ती उघडतच नाही. मला तुम्ही दोघं हवे आहात रे. एकाकडे गेलं की दुसऱ्याबद्दल गप्प बसायचं, याचा मला कंटाळा आलाय.

लोभ आहेच, तो लवकर पोस्टात टाकावा.
तुझी मुंगी

दि. १३ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. शाळेत तुझी अक्षरं मुंग्यांसारखी, म्हणून नाव पडलं मुंगी, आणि आता तूच कोश लिहिणार. दैवाला विनोद कळतो.

वाऱ्याचा डोळा वाचून मी रंधा खाली ठेवला. अगं, हे आम्हा सुतारांना कुणी विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं. गिऱ्हाईक येतं ते देखाव्याचं बोलतं. समोर बाग दिसली पाहिजे, रस्ता दिसला पाहिजे. मी आधी विचारतो, वारा कुठून येतो? लिहून घे: खिडकी आधी वाऱ्यासाठी असते आणि मग बघण्यासाठी. काच ही फार पुढची थेरं. चौकट सरळ हवी, झडप हलकी हवी, बिजागरीने कुरकुर करता कामा नये. माणसांना मात्र हे लागू नाही, ती कुरकुरणारच.

बाकीच्या अर्थांचं म्हणशील तर तिकिटाची खिडकी मला मुळीच पसंत नाही. तिच्यातून वारा येत नाही, नुसती वसवस येते. दुकानाची काचेची खिडकी म्हणजे बघा आणि हात लावू नका. संगणकातल्या खिडकीबद्दल मी बोलत नाही, जिला कडी नाही तिच्यावर माझा भरवसा नाही. आता कागद उलटव.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. ताईला ती खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी होती, येणारंजाणारं दिसावं म्हणून. तिच्या घरासमोर दगड कापण्याचा कारखाना, दिवसभर पांढरी धूळ. ताईला धाप लागते म्हणून मी खिडकी मागच्या अंगाला घेतली. पण हे चारचौघांत कसं बोलणार? तिच्या धापेचा उल्लेख केलेला तिला खपत नाही. मग मी तोंडाला येईल ते बोललो, की कारागिराला शिकवू नकोस. ती म्हणाली, जगाला खिडक्या करतोस आणि बहिणीला भोक. मी हत्यारं उचलली आणि निघालो. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, मुंगी. तिच्यावाचून मला करमत नाही. पण हे तुझ्या पोटात ठेव. तिला कळलं तर मी तिची कीव केली असं वाटेल आणि मग ती मला जन्मात दारात उभं करणार नाही.

पोटभर जेव, डिंक खाऊ नकोस.
तुझा मामा

दि. २ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. हातात पटाशी असेल तर आधी ठेव.

तुझं 'आधी वाऱ्यासाठी आणि मग बघण्यासाठी' हे वाक्य मी पहिल्या अर्थासाठी कापलं. नेमकं कापलं, डिंकही नेमका लावला, पण मामा, लावला तो भलत्या अंगाला. तू पाठपोट लिहितोस! कार्डावर वरच्या बाजूला राहिली ती मागची ओळ. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याने जे दिसलं ते इमानाने जुळवलं. नमुन्याच्या पानावर 'विंडो'च्या पहिल्या अर्थाखाली छापलंय: ताईला धाप लागते म्हणून मी खिडकी मागच्या अंगाला घेतली. आणि खाली, खिडक्या करणारा सुतार.

वर्गणीदारांच्या यादीत पहिलं नाव आईचं आहे. लेकीचा कोश म्हणून तिने सगळ्यांच्या आधी नोंदवलं होतं. पानं परवाच टपालात पडली.

मी रडत पूर्णविरामांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले की कोशातून ते वाक्य काढू, पण तुमच्या आईच्या टपालपेटीतून मला काढता येणार नाही. मग चष्मा पुसत म्हणाले की अख्ख्या पानावर तेवढंच एक वाक्य माणसाने लिहिल्यासारखं आहे. माझी नेमणूक त्यांनी पक्की केली, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. मला माफ कर.

रागावलास तरी लिही.
तुझी मुंगी

दि. ७ एप्रिल

चि. मुंगीस,
आशीर्वाद, थोडे कमी.

तुला मुंगी म्हणणं चुकलं, विंचू म्हणायला हवं होतं. टपालवाला दिसला की मी फळ्यांच्या आड जातो. काल एक चौकट दोन बोटं आखूड कापली, तीस वर्षांत पहिल्यांदा. ताईचं काही कळलं का? तिने पान वाचलं का? रागावली असेल तर निदान किती, तेवढं कळव.

नोकरी पक्की झाली याचा आनंद कर. ते तुझ्या मेहनतीचं आहे.
मामा

दि. १० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पोरीचं पान आलं. मी कौतुकाने चष्मा लावून बसले आणि पहिल्याच अर्थाला अडखळले. जगात खिडक्या करणारे सुतार पुष्कळ असतील, पण 'मागच्या अंगाला' असं लिहिणारा एकच. आधी संताप आला. दोन-तीनशे घरांत माझी धाप पोचवलीत मामा-भाचीने मिळून. मग दुपारभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

मला वाटत होतं, तू मोठा कारागीर झालास आणि बहिणीचा शब्द तुला हलका झाला. दोन वर्षं मी तेच उगाळत बसले. मूर्ख मी, आणि तू महामूर्ख. एकदा बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर? पण मी ऐकून घेतलं नसतं, तेही खरं. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. तुला कडेवर घेऊन मी तीन मजले चढत होते. त्या तुझ्यासमोर मला धापा टाकायच्या नव्हत्या रे. एवढंच होतं ते.

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. तुझ्या कारखान्याबाहेर फळ्या रचल्या आहेत, त्यांवर बसून हे शेवटचं लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं. थांब्यापासूनचा चढ चढून आले. आत तुझ्या करवतीचा आवाज येतोय आणि मला धाप लागली आहे. चांगली जोरात लागली आहे. कागद आत पाठवते. वाचून झाला की बाहेर ये, आणि येताना पाणी आण.

तुझी ताई