ओढ्यापलीकडचे तात्या

तात्या, आज मी फार वैतागले आहे आणि हे कुणाला तरी सांगायला हवं आहे. घरात ज्यांना सांगावं त्यांच्यावरच वैतागले आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे जरा मागून सुरुवात करावी लागेल. सांगलीत, विश्रामबागेत आमचा फ्लॅट आहे. तुम्ही न पाहिलेले तुमचे जावई बँकेत आहेत. मोठी मुलगी, धाकटा मुलगा, आणि सासूबाई. त्या विट्याकडच्या, मी त्यांना आत्या म्हणते. आता नीट बसा. मेढ्याच्या पुढं डोंगरात ज्यानं गुरांमागून पोरं ओढून आणून शाळेत बसवली, त्या माणसाची ही मुलगी स्वतःची दोन्ही पोरं शाळेत घालत नाही. घरीच शिकवते.

करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा मोठी नुकती बालवाडीत जायला लागली होती. रोज सकाळी गणवेश बघितला की तिच्या पोटात दुखायचं. शाळा बंद झाली आणि दुखणं थांबलं. मी चपात्या लाटायची, ती सांडलेल्या पिठात बोटानं अक्षरं काढायची, आणि बघता बघता ती एकटीच खिडकीत बसून पुस्तक वाचायला लागली. मला वाटलं, एवढं सोपं असतं होय? शाळा उघडल्या तरी मी तिला पाठवलं नाही, धाकट्याला तर घातलंच नाही. ती आपली आपण शिकली होती, आणि मी समजत होते की मी शिकवलं.

आता आमचा दिवस ऐका. सकाळी नऊला अभ्यास सुरू, असं मी ठरवलेलं आहे. नऊला गॅसवर कुकर असतो, आत्यांना दुसरा चहा हवा असतो, दारात पार्सलवाला असतो, धाकट्याला नेमकं तेव्हाच संडासला जायचं असतं, आणि मोठीला मांजर काढायचं असतं, तेही निळंच, आणि निळा खडू सापडत नाही. मग मी ओरडते. मग ओरडल्याचं वाईट वाटतं, म्हणून प्रेमानं काहीतरी शिकवायला जाते, आणि ते त्याहून वाईट. कारण मी कशालाच मोकळं सोडत नाही. वरण केलं की डाळीचं वजन. बेदाणे आणले की तासगावची द्राक्षं, वारा आणि पाण्याची वाफ. कृष्णेच्या घाटावर हवा खायला गेलो की नदी कुठं उगम पावते, सांग बघू. परवा जेवताना मी दोडक्याची भाजी वाढली, तर धाकटा ताटाकडे बघत म्हणाला, "आई, ही नुसती भाजी आहे का हिच्यात पण काही शिकायचंय?" मोठी ठसका लागेपर्यंत हसली. आत्या म्हणाल्या, "खा रं बाबा. दोडक्याची कुटं परीक्षा आस्ती."

बाहेर तर बोलायलाच नको. लिफ्टमध्ये शेजारीण विचारते, "आज शाळेला दांडी का रे?" मी म्हणते, घरीच शिकतात. ती आवाज खाली आणते. "अगं बाई, काढलं का शाळेनं?" लग्नाला गेलं की कुणीतरी मामा पोरांना उभं करून सतराचा पाढा विचारतात. स्वतःला येत नसला तरी विचारतात. या सगळ्यांना माझ्याकडे एकच उत्तर होतं, की बघा, माझी पोरं वाचतात. आणि धाकटा वाचत नव्हता.

साडेसात वर्षांचा झाला तरी वाचत नव्हता. मी कार्डं केली, कमळ, बदक, गवत, रंगवून, कडा गोल कापून. कार्डं बाहेर आली की हा जेवणाच्या टेबलाखाली. एकदा बघते तर त्याच कार्डांच्या भिंती करून त्यानं एसटी स्टँड उभारलेलं. काडेपेट्यांच्या गाड्या. मी गोड आवाजात विचारलं, "ही कुठली गाडी? बोर्ड वाच बरं." तो म्हणाला, "बोर्ड नाही अजून. गाडी लागायचीय." तात्या, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दिवाळीनंतर तुमचे जावई म्हणाले, "मी जवळच्या शाळेत बोलून आलोय. जूनपर्यंत बघू. तोवर वाचायला लागला नाही तर दोघंही शाळेत." ते वाईट माणूस नाहीत, घाबरलेले आहेत. पण मोठीनं ते ऐकलं. "त्याला येत नाही म्हणून मला का?" एवढंच विचारलं तिनं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं पोट पुन्हा दुखायला लागलं. मी धाकट्याला अजूनच धरून बसवायला लागले.

तेव्हापासून मला तुमचा ओढा सारखा आठवतो. शाळेची एकच खोली, चारी वर्ग त्यात, आणि घर नि शाळा यांच्या मध्ये तो ओढा. सकाळी ओढा ओलांडला की तुम्ही गुरुजी. मी तुम्हाला तात्या म्हणायचं नाही, तुम्ही मला बाळ म्हणायचं नाही. एकदा फळ्यावर मला भागाकार येईना आणि माझ्या तोंडून गेलं, "तात्या, येत न्हाई." सगळी खोली हसली. तुम्ही हसला नाहीत. "इथं तात्या कोण न्हाई," तुम्ही म्हणालात. "तात्या ओढ्यापलीकडं राहतात. त्यांना सांजच्याला इचार. इथं भागाकार कर." मी खडू घट्ट धरून उभी आहे, नाक गळतंय, पुसायला हात मोकळा नाही. मला तुमचा इतका राग आलेला आहे की मी संध्याकाळी तुमच्या मागून चालते, बरोबरीनं नाही. ओढा येतो. तुम्ही वहाणा हातात घेता, पलीकडे जाता, खिशातून गूळ-शेंगदाणे काढून माझ्या मुठीत घालता आणि वेगळ्याच आवाजात विचारता, "काय गं, गुरुजी ओरडले व्हय आज?"

"लय."

"तापट हाय तो माणूस. मनावर घेऊ नको."

आणि आपण दोघं घरापर्यंत त्या गुरुजीला नावं ठेवत जातो.

माझ्या घरात ओढा नाही, तात्या. जी बाई अक्षर चुकलं म्हणून डोळे वटारते तीच भात कालवून देते, तीच अंघोळ घालते. पोरांनी तक्रार घेऊन जावं कुणाकडे? मी करून पाहिलं. मोठीला आणि धाकट्याला सांगितलं, माझ्या डोळ्यांवर चष्मा असला की मी बाई, काढला की आई. पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी चष्मा गायब. तांदळाच्या डब्यात सापडला, तोही भात करायला गेले तेव्हा. "बाईंना सुट्टी दिली," धाकट्यानं सांगितलं.

आणि मग गेल्या आठवड्यात मिक्सर बिघडला. सकाळी चटणीसाठी मी मिक्सर लावते, त्यामुळे त्या वेळी मला घरातलं काही ऐकू येत नाही. मिक्सर बंद म्हणून स्वयंपाकघर शांत होतं, आणि आत्यांच्या खोलीतून आवाज आला. "यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी नऊ वाजता..."

"कुटं?"

"कृष्णाकाठी."

"न्हाई मग आपल्यातला. म्होरचं वाच."

हातात कोथिंबीर तशीच घेऊन मी दाराआड उभी राहिले. धाकटा पलंगावर पालथा पडून पेपरातली निधन वार्ता वाचत होता. ज्याला माझं 'कमळ' येत नव्हतं तो 'रक्षाविसर्जन' वाचत होता. पाय हवेत हलवत.

तो खेळायला गेल्यावर मी आत्यांना धरलं. "कधीपासून वाचतोय हा?"

"मोतीबिंदूला माझा डोळा कापला तवापासून. मला बारीक दिसंना. मग कोण वाचणार?"

आत्यांचे भाऊ, पुतणे, चुलते गलाईवाले, सोनं-चांदी गाळायची दुकानं घालून देशभर पांगलेले. माणूस तिकडं कानपूरला वारतो आणि बातमी इथल्या पेपरात येते. म्हणून चहाबरोबर त्यांना आधी निधन वार्ता लागते. सुरुवातीला त्या फोटोखालची मोठी अक्षरं लावून वाचायच्या आणि तो बोट ठेवायचा. रोज तेच शब्द, निधन, पश्चात, परिवार. एक दिवस त्या अडखळल्या आणि पुढचं तोच बोलला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू कवा इचारलंस? आन् सांगितलं आसतं तर तू लगीच पुस्तक घिऊन बसली आसतीस. त्याचं वाचणं बी गेलं आसतं आन् माझा पेपर बी."

मला इतका संताप आला! कार्डं कापून बोटं दुखली माझी, पोर टेबलाखाली बसलं माझ्यापायी, मोठीचं पोट दुखतंय, घरात जूनचं भांडण, आणि ह्या दोघांचं रोज सकाळी बिनबोभाट चाललंय. आणि तात्या, आत्यांचं म्हणणं खरं होतं, त्याचा संताप वेगळाच.

तुमच्या जावयांना मी सांगितलं की तो वाचतो. ते म्हणाले, "बोलव, वाचू दे." मी म्हटलं, बोलवायचं नाही, दाखवायचं नाही, उद्या सकाळी गुपचूप माझ्याबरोबर उभे राहा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओट्याला टेकून, चहा निवत ठेवून, मिरजेतल्या कुणा सद्गृहस्थांचा सगळा परिवार ऐकत होतो. बऱ्याच वेळानं ते कुजबुजले, "घरात दुसरं काही नाही का वाचायला?" मग चष्मा पुसत म्हणाले, "बरं. जूनचं राहू दे." ते मोठीला सांगितलं. दुपारी तिनं आमटी-भात परत मागून घेतला.

आज सकाळी धाकटा पेपर घेऊन माझ्याकडे आला. माझ्याकडे, आपणहून. कुणी निवृत्त शिक्षक गेले होते. "तुझे तात्या पण मास्तर होते ना? त्यांचं आलं होतं का पेपरात?" मी म्हटलं, आलं होतं. "मला वाचायला दे."

तुमच्या फोटोच्या फ्रेममध्ये मागच्या बाजूला ते कात्रण आहे. पिवळं पडलंय. तो खुर्चीवर चढून मोठ्यानं वाचायला लागला, आणि 'सेवानिवृत्त'ला अडखळला, तो शब्द गाळून पुढं गेला, आणि मी, तात्या, इतकं सगळं होऊनसुद्धा मी, म्हणाले, "असं उडवू नकोस. नीट बघ, काय लिहिलंय?" त्यानं कात्रण खाली ठेवलं. चेहरा माझ्या त्या भागाकारासारखा झाला. कुकरची शिट्टी झाली. मग मी चष्मा काढला, ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "काय रे, बाई ओरडल्या का?"

त्यानं आधी चष्म्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "लय."

"तापट आहे ती बाई. मनावर घेऊ नकोस."

त्यानं विचार केला, चष्मा बोटानं ढकलून ओट्याच्या पार कडेला नेला आणि कात्रण उचललं. "त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगी असा परिवार आहे." थांबला. "ही एक मुलगी म्हणजे तू?"

"हो."

"नाव नाही लिहिलं तुझं."

"तसंच लिहितात."

"म्हणजे हे आपल्यातले," तो म्हणाला आणि आत्यांना सांगायला पळाला.

हे पत्र मी इतर कागदांसारखं टेबलावर टाकून उठणार होते, पण आता ते चालायचं नाही, घरात वाचणारा एक वाढला आहे. कुठंतरी वर ठेवून देईन. आणि एक गोष्ट तेवढी तुम्हाला सांगते, मिक्सर दुरुस्त होऊन आला आहे, पण तो अजून बिघडलेलाच आहे असं मी घरात सगळ्यांना सांगते.