तारा तीनदा मंदावला

रविवार, ८ जून
ही भावाकडे राहायला गेली आहे. काही दिवसांसाठी. सगळ्या बॅगा नेल्या, पण हिला कपडे लागतातच भरपूर. ‘काही दिवस’ हे माझे शब्द.
बरं झालं, आता मला सापडलेल्या ग्रहाचं काम शांतपणे होईल. आकार गुरूएवढा, पण ताऱ्याला इतका खेटून की माझ्या हिशेबाने सात दिवसांत वर्ष संपतं. ग्रह पुढून गेला की तारा किंचित मंदावतो, तेवढीच आपल्याला खूण. असे ग्रह लांब, थंडीत जन्मतात आणि मग हळूहळू ताऱ्याकडे सरकत येतात, असं माझं ठाम मत. ही पण येईल.

मंगळवार, १० जून
डोकं दुखत होतं, ऑफिसातून लवकर निघालो. बिल्डिंगखाली हिची स्कूटर! तीन मजले धावत चढलो. घरात कोणी नाही. खाली येईपर्यंत स्कूटर गायब. म्हणजे दारापर्यंत येऊन बेल न वाजवता गेली. मानी आहे.

शनिवार, १४ जून
हिची जुनी तक्रार, मी तिच्याकडे बघतच नाही. माझ्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. त्या बाजूला लोखंडाचीसुद्धा वाफ होते, वातावरण फुगून उडून जातं. सतत बघण्याचे हे परिणाम. हिला नीट समजावायला हवं.

मंगळवार, १७ जून
मुद्दाम लवकर आलो. स्कूटर हजर. वर गेलो नाही, उगाच अवघडेल बिचारी.
ग्रहही दुसऱ्यांदा दिसला. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात दोन तारे मावतात, मंदावणारा शेजारचा नाही ना, ते तपासा. बघतो म्हटलं. शंका काढायची खोडच आहे त्यांना.

मंगळवार, २४ जून
तारा तिसऱ्यांदा मंदावला. स्कूटरही तिसऱ्यांदा. आमच्या धंद्यात तीनदा दिसलं की पक्कं. नवे पडदे आणले, हिच्या आवडीच्या रंगाचे (बहुतेक निळा). संकल्प: जेवताना ग्रहाचा विषय बंद. तिने विचारलं तरच.

मंगळवार, १ जुलै
फुलं घेऊन दारात उभा राहिलो. स्कूटर थांबली. जिन्यात हिची पावलं. पहिल्या मजल्यावर थांबली. तिथे आई राहते. दार उघडलं, आई म्हणाली, आलीस का गं बाळा.
मी पायरीवर बसून राहिलो. आत दोघी हसत होत्या. ही अशी हसते, हे मी विसरलोच होतो.
ती गेल्यावर आईला विचारलं. दर मंगळवारी गुडघ्यांना मलम चोळायला येते म्हणे, लग्न झाल्यापासून. मला कधीच माहीत नव्हतं. माझ्याबद्दल काय विचारते, असं विचारलं. आई मलमाच्या डबीचं झाकण लावत बसली. लागलेलं झाकण पुन्हा लावलं.
वर येऊन रडलो. बराच वेळ.

बुधवार, २ जुलै
शेजारचा तारा तपासला. मंदावणारा तोच. आपल्या ताऱ्याभोवती ग्रह नव्हताच कधी. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, होतं असं.
संध्याकाळी आईचा फोन. चाचरत म्हणाली, मंगळवारी जरा उशिरा येत जाशील का रे, तुझी गाडी दिसली की ती घाबरी होते.
म्हटलं, येईन की. नाहीतरी ऑफिसात सध्या खूप काम आहे.