बाईंच्या गाडीचं छप्पर

बाई,

काल तुमची गाडी पाहिली. गंगापूर रोडला एका लॉनवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि बक्षिसं द्यायला, चार शब्द बोलायला मला बोलावलं होतं. गाड्यांतलं मला काय कळतं? पण माईकसमोर उभं करायला नाशिककरांना मी सोयीची पडते. रांगेत तिसरी ती उभी होती. लाल रंग नवा, कापडी टप नवा, तो मागे दुमडलेला. तिचा तरुण मालक मोठ्या अभिमानाने सांगत होता, "मॅडम, कुणा अडाण्याने हिच्यावर पत्र्याचं छप्पर ठोकलं होतं. वेल्डिंग करून! स्पोर्ट्स कारवर! आम्ही ते कापलं, मूळ उघडी बॉडी परत आणली, तेव्हा कुठे हिला किंमत आली." तो अडाणी म्हणजे तुम्ही. भर सभेत पुढाऱ्यांना जाब विचारणारी मी, नुसती मान हलवून पुढच्या गाडीकडे गेले.

त्या गाडीत मी बोलायला शिकले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी शाळेत होते. तुमच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, ती देवळालीच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून मोडकळीला आलेली घेतली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. चालवायच्या मात्र तुम्ही. दोनच सीट. वक्तृत्व स्पर्धा जवळ आली की शाळा सुटल्यावर तुम्ही मला शेजारी बसवायच्या, टप मागे टाकायच्या आणि धरणाच्या रस्त्याला लागायच्या. वारा तोंडात शिरतोय, वेण्या गालावर आपटताहेत, समोरून द्राक्षांचा टेम्पो येतोय आणि मी भाषण म्हणतेय. तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता ओरडता, "शेवटचा शब्द खाल्लास! मागच्या रांगेतला माणूस काय घरी जाऊन अंदाज बांधणार? पुन्हा." "बाई, घसा बसला हो." "बसू दे. काका हळद-दूध देतील. पुन्हा." आणि काका खरंच पातेलं गॅसवर ठेवून आपली वाट बघत असायचे. पुढे मी कामगारांच्या सभांत बोलले, चौकात, ट्रकवर उभी राहून बोलले. माझ्या आवाजाला कधी भिंत लागली नाही, ते त्या उघड्या गाडीमुळे.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी मुंबईचा एक जुन्या गाड्यांचा दलाल तुमच्याकडे आला होता, आठवतं? चहा पिता पिता म्हणाला, "ताई, हेच मॉडेल बंद बॉडीचंही निघालं होतं. इंजिन तेच, चाकं तीच. पण त्या ढीगभर. उघड्या कमी निघाल्या, त्यातून टिकल्या किती! ही बंद असती तर मी कसारा घाट चढलोच नसतो. आज बंद गाडीच्या दुप्पट देतो, आणि थांबलात तर पुढे विचारूच नका." काका म्हणाले, "म्हणजे नसलेल्या छपराचे पैसे!" आणि हसले. त्या हसण्यातून जो खोकला सुरू झाला तो काही केल्या थांबेना.

काकांची फुप्फुसं गेली होती. धूळ आणि गार वारा वर्ज्य, आणि दवाखान्याच्या खेपा तर चुकणाऱ्या नव्हत्या. टप वर ओढला तरी फटीफटीतून वारा यायचा. तुम्ही वर पत्रा बसवायचं ठरवलंत आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहून तावातावाने बोलले. "विका! उघडी आहे तोवरच किंमत. त्या पैशात चार दारांची, काचा घट्ट लागणारी गाडी येईल. पत्रा ठोकलात तर हिला ना उघडीचा भाव येईल, ना बंदचा!" बाहेर बाजाराला शिव्या घालणारी मी, तुमच्या ओट्याशी बाजाराचीच वकिली करत होते, आणि मुद्दे सगळे बिनतोड होते. तुम्ही भाकरी थापत होतात. "हळू बोल," म्हणालात. "अगं, विकली तर त्यांना कळेल, आपल्यामुळे गेली. हाताने जोडलीय त्यांनी. छप्पर घातलं तर म्हणता येईल, वाऱ्याने माझा कान दुखतो."

द्वारका चौकाजवळच्या गॅरेजातल्या मिस्त्रीलाही पटेना. "बाई, लोक वरातीसाठी छत कापून घ्यायला येतात माझ्याकडं. तुमचं उलटंच!" तुम्ही म्हणालात, "आमची वरात होऊन गेली, चाचा. आता पत्रा घाला." तो पोटभर हसला आणि मन लावून काम केलं.

मग दोन हिवाळे ती बंद गाडी तुम्हा दोघांना घेऊन जात-येत राहिली. दोनच सीट, म्हणून मी फाटकाशी. आत बसलं की काका रोज विचारायचे, "कान कसा आहे?" तुम्ही म्हणायच्या, "बरा आहे. छपराने फरक पडला." मग काच वर. काका गेले, पाठोपाठ तुम्ही. गाडी तुमच्या पुतण्याने विकली. पत्र्यामुळे भंगाराचा भाव आला, मी म्हटलं होतं तसाच. माझा मुद्दा बरोबर ठरला, बाई. तो कुठे नेऊन ठेवू?

काल माईकवर मी म्हटलं, "या लाल गाडीची किंमत सगळ्यांत जास्त कधी होती, मला ठाऊक आहे. ती बंद होती, तेव्हा..." पुढे आवाज फुटला नाही. लोकांना वाटलं माईक गेला. तुम्ही मागच्या रांगेत असतात तर ओरडला असतात.

आणखी एक राहिलंय. त्या दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही औषधं आणायला गेला होतात, मी काकांजवळ बसले होते. ते म्हणाले, "तुझा आवाज भिंतीतून येतो, पोरी. ओट्याशी काय बोललात, सगळं ऐकलं मी. पण न ऐकताही ओळखलं असतं. जन्मभर वारा खाणारीचा कान असा एकाएकी दुखतो होय? हिला सांगू नकोस. मला कळलंय हे समजलं तर गाडी चालवताना रडत बसेल." आणि तुमची चाहूल लागताच, फाटक वाजताच, मोठ्याने विचारलं, "काय गं, कान कसा आहे?"

मी नाही सांगितलं. तुमच्या उशाशी बसले होते तेव्हाही नाही. हे पत्रही कुठे जायचं नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचून पाहायची माझी सवय तुमचीच. एवढा शेवटचा भाग मात्र मी मनातल्या मनात वाचला.